लूतो, ल्यांतो, दुएलो : स्पॅनिश शोकशब्द आणि आपले वाचन

१

मृत्यूविषयीच्या काव्याचा विचार करताना मराठी समीक्षा सामान्यतः दोन संज्ञांवर विसंबते. त्यांपैकी ‘शोक’ ही संज्ञा संस्कृत काव्यशास्त्राकडून आली. शोक हा स्थायीभाव आणि करुण हा त्यातून निष्पन्न होणारा रस, ही मांडणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ‘विलापिका’ ही दुसरी संज्ञा इंग्रजी ‘एलिजी’ला पर्याय म्हणून आपण वापरतो. दोन्ही संज्ञांचा उगम वेगळा असला तरी त्यांच्या मुळाशी एक समान गृहीत आहे. मृत्यूविषयक रचनेच्या केंद्रस्थानी एक भाव असतो, तो कवीच्या अंतःकरणात उत्पन्न होतो आणि शब्दांतून आविष्कृत होतो, असे ते गृहीत होय. आपल्या वाङ्मयाच्या संदर्भात ते कितपत टिकते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात स्पॅनिश वाङ्मयाच्या संदर्भात त्याची तपासणी करावयाची आहे.

निवड स्पॅनिशची करण्याचे कारण असे. मान्रीके, लोर्का, एर्नांदेस ही नावे आपल्याकडील वाचकापर्यंत बहुतांशी इंग्रजी भाषांतरांच्या वाटेने पोहोचली. त्या वाटेवर ‘मोर्निंग’ आणि ‘ग्रीफ’ हे दोन शब्द उभे असतात आणि त्यांतून पुढे येणारा मराठी वाचक ‘शोक’ आणि ‘दुःख’ या दोन शब्दांशी येऊन थांबतो. मूळ भाषेत मात्र या जागी ‘लूतो’, ‘ल्यांतो’, ‘दुएलो’, ‘पेसामे’, ‘पेना’ असे अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. त्यांपैकी बहुतेक शब्द भावाचे नाव सांगण्यापेक्षा एखादी कृती, एखादी वस्तू किंवा माणसामाणसांमधील एखादा संबंध दर्शवितात. काही महत्त्वाच्या साहित्यकृतींत या कृती परस्परांविरुद्ध उभ्या ठाकतात आणि कृतीतील संघर्ष तेथेच असतो. सर्व शब्दांना ‘शोक’ या एकाच नावाखाली आणल्यास हा संघर्ष वाचकाच्या दृष्टीआड होतो. हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम शब्दांचा परिचय करून घेऊ. ‘लूतो’ हा लॅटिन ‘लुक्तुस’पासून आलेला शब्द. आजच्या वापरात त्याचा पहिला अर्थ दृश्य आहे. काळे कपडे, आणि ते विशिष्ट काळ अंगावर वागविण्याचा नियम. लूतो ‘नेसतात’, ‘वागवितात’, ‘पाळतात’. त्याला पायऱ्या आहेत. पूर्ण लूतो, अर्धा लूतो, आणि काळ्याच्या जोडीला करडा किंवा जांभळा रंग चालू लागतो तो ‘लूतोचा उतार’. लूतो बाहेरून मोजता येतो, म्हणूनच त्यावर कायदाही करता येतो. इसाबेल आणि फेर्नांदो या कॅथलिक राजदांपत्याने १५०२ साली काढलेला ‘लूतो आणि मेण’ यांविषयीचा हुकूम याचे उदाहरण आहे. सुतकी वस्त्रांवर आणि अंत्यविधीतील मेणबत्त्यांवर होणाऱ्या उधळपट्टीला त्याने मर्यादा घातली.

मराठीत याच्या सर्वांत जवळ येणारा शब्द ‘दुखवटा’ होय. दुखवटा पाळतात, दुखवट्याला जातात, दुखवटा काढतात. तो मनात ‘दाटून’ येत नाही. ‘सुतक’ हा शब्द मात्र येथे उपयोगी नाही. सुतकात अशौचाची कल्पना अंतर्भूत आहे आणि लूतोत विटाळ नाही. लूतो पाळणारी व्यक्ती अस्पर्श होत नाही. ती केवळ दिसू लागते.

‘ल्यांतो’ लॅटिन ‘प्लान्क्तुस’पासून आला. त्यामागील ‘प्लान्गेरे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ आघात करणे असा आहे, आणि त्यावरूनच छाती पिटणे. आपला ‘ऊर बडवणे’ हा वाक्प्रचार नेमका याच ठिकाणी उभा आहे. त्याच धातूपासून ‘प्लांतो’ हे दुसरे रूप स्पॅनिशमध्ये शिल्लक राहिले आणि ते एका वाङ्मयप्रकाराचे नाव झाले. मोठ्या कृतीच्या आत येणारा, एखाद्या पात्राच्या तोंडचा विलाप म्हणजे प्लांतो. चौदाव्या शतकातील ख्वान रुईस याच्या ‘लिब्रो दे बुएन आमोर’मध्ये त्रोताकोन्वेन्तोस या कुट्टिणीच्या मृत्यूनंतर असा प्लांतो येतो. १४९९ च्या सुमारास छापल्या गेलेल्या ‘ला सेलेस्तीना’च्या शेवटी मुलीच्या आत्महत्येनंतर प्लेबेरियो जो आक्रोश करतो तोही ‘प्लांतो’ याच नावाने ओळखला जातो. रघुवंशातील अजविलाप आणि कुमारसंभवातील रतिविलाप ठाऊक असलेल्या वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. याच क्रियापदकुळातला ‘प्लान्यिदेरा’ म्हणजे मोबदला घेऊन रडणारी बाई. ल्यांतो उसना आणता येतो, तो भाड्याने मिळतो, ही गोष्ट त्याला निव्वळ भाव मानण्याच्या आड येते. राज्यसंस्थेचे लक्षही त्याकडे फार पूर्वी गेले होते. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सोच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘सिएते पार्तीदास’ या कायदेसंहितेत मृतांसाठी केल्या जाणाऱ्या अतिरेकी आक्रोशाचा निषेध आहे.

‘दुएलो’ हा शब्द अधिक गुंतागुंतीचा आहे. या रूपाचे दोन भिन्न शब्द स्पॅनिशमध्ये नांदतात. एक द्वंद्वयुद्धाचा, लॅटिन ‘दुएल्लुम’पासून आलेला. दुसरा वेदनेचा, उत्तरकालीन लॅटिन ‘दोलुस’पासून आलेला. आपला विषय दुसरा. वेदना, तिचे प्रकटीकरण आणि मृताच्या घरी किंवा अंत्ययात्रेला जमलेली माणसे, असे तिन्ही अर्थ त्याला आहेत. या तिसऱ्या अर्थाने दुएलोला ‘अध्यक्ष’ असतो, म्हणजे जवळच्या आप्तांनी पुढे उभे राहावयाचे असते, आणि विशिष्ट ठिकाणी दुएलोला ‘निरोप’ दिला जातो. विसाव्या शतकात या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. फ्रॉइडच्या १९१७ मधील प्रसिद्ध निबंधाचे शीर्षक स्पॅनिशमध्ये ‘दुएलो इ मेलान्कोलिया’ असे रूढ झाले आणि दुएलो म्हणजे वियोगातून सावरण्याची मनाची आंतरिक प्रक्रिया हा अर्थ सुशिक्षितांच्या बोलण्यात स्थिरावला. अंगणात जमलेल्या माणसांचे नाव एकट्या माणसाच्या मनातील व्यापाराला मिळाले. जुना अर्थ मात्र त्यामुळे लोपला नाही.

३

‘पेसामे’चा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण त्यात व्याकरण गोठलेले आहे. पेसामे म्हणजे सांत्वनाचे शब्द, ते ‘देतात’. शब्दाची फोड केली तर ‘पेसा’ आणि ‘मे’, म्हणजे ‘मला जड होते’, असे एक संपूर्ण वाक्य हाती येते. एका वाक्याचेच नाम झाले आहे. सांत्वन करणारा समोरच्याच्या दुःखाचे वर्णन करीत नाही. त्या भाराचा काही अंश आपल्यावर आहे, एवढेच तो सांगतो.

ही रचना मराठीला परकी नाही. ‘मला वाईट वाटते’, ‘मला दुःख झाले’ या वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि अनुभव त्याच्याकडे येतो. या बाबतीत इंग्रजीपेक्षा मराठी स्पॅनिशच्या अधिक निकट आहे. परंतु ही जवळीक एका ठिकाणी अचानक दगा देते. स्पॅनिशमध्ये मरण्याच्या क्रियापदालाही अशी चतुर्थी लागते. ‘से मे मुरियो’ याचा शब्दशः अर्थ ‘तो मला मेला’ असा होईल. तो मेला आणि त्याचे मरणे माझ्यावर कोसळले, असा त्याचा आशय आहे. मराठीत जन्माला चतुर्थी चालते. ‘तिला मुलगी झाली’ असे आपण म्हणतो. मृत्यूला मात्र आपण षष्ठी वापरतो. ‘तिची मुलगी गेली’. आणि ‘तू मला मेलास’ असे मराठी माणूस जेव्हा म्हणतो तेव्हा तो जिवंत माणसाशी असलेले नाते तोडत असतो. जी रचना स्पॅनिशमध्ये नात्याची पराकाष्ठा सांगते, तीच मराठीत नात्याचा अंत जाहीर करते. शब्दकोश हाताशी असलेला भाषांतरकारही येथे फसू शकतो.

हा मुद्दा केवळ व्याकरणाचा नाही. मिगेल एर्नांदेसने आपला मित्र रामोन सिहे याच्यावर लिहिलेली ‘एलेखिया’ १९३६ च्या ‘एल रायो के नो सेसा’ या संग्रहात आहे. सिहेचा मृत्यू १९३५ च्या डिसेंबरात झाला. कवितेच्या माथ्यावरील अर्पणवाक्यात कवीने नेमकी हीच चतुर्थीची रचना वापरली आहे. पुढील त्रिपद्यांत जमीन उकरून मित्राचे शरीर परत मिळविण्याची जी अमानुष जिद्द प्रकटते, तिचे बीज या लहानशा सर्वनामात आहे. मृत्यू ‘मला’ झाला असेल तर तो परतविण्याचा हक्कही मला आहे, असा या कवितेचा तर्क आहे. अर्पणवाक्याचे भाषांतर ‘माझा मित्र वारला’ असे केले की हा तर्क निसटतो आणि उरलेली कविता अतिशयोक्त भासू लागते.

४

आता या शब्दांतील विरोध कृतींमध्ये कसा वावरतो ते पाहू.

होर्खे मान्रीके याने आपल्या वडिलांच्या, सान्तियागो या लष्करी धर्मसंघाचे प्रमुख असलेल्या दोन रोद्रिगो मान्रीके यांच्या १४७६ मधील मृत्यूनंतर रचलेल्या ‘कोप्लास’ ही स्पॅनिशमधील सर्वांत विख्यात मृत्युकविता होय. आपल्या संज्ञेप्रमाणे ती विलापिका ठरेल. पण चाळीस कडव्यांच्या या रचनेत विलाप शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. आठ-आठ अक्षरांच्या दोन ओळींनंतर येणारी चार अक्षरांची तुटकी ओळ, ‘पिए केब्रादो’, दर वेळी वाक्याला आवर घालते. प्रथम सर्वांच्या मृत्यूचे चिंतन, मग वैभव गमावलेल्या राजांची विचारणा, आणि अगदी शेवटी वडिलांच्या दारावर थाप देणारा मृत्यू, अशी तिची चढण आहे. मृत्यू वडिलांशी आदराने बोलतो, वडील संमती देतात, आणि पत्नी, मुले, भाऊ, सेवक यांच्या वेढ्यात प्राण सोडतात. शेवटी स्मृती हेच सांत्वन म्हणून उरते.

‘शोक’ ही कसोटी लावणारा वाचक या कवितेला ‘संयत’ म्हणेल. भाव आहे पण तो दाबलेला आहे, असे तिचे वर्णन करील. माझ्या मते हे वर्णन चुकीचे आहे. येथे काही दाबलेले नाही. कवीने ल्यांतो नाकारून दुएलो निवडला आहे, आणि तोही त्याच्या जुन्या, सामाजिक अर्थाने. अखेरचे दृश्य म्हणजे मृताभोवती जमलेल्या माणसांची रचना आहे. प्रत्येक नाते आपापल्या जागी उभे आहे. कविता स्वतःच त्या जमावाची नोंद होते आणि वाचकालाही त्यात उभे करते.

याच्या उलट टोकाला फेदेरीको गार्सिया लोर्का आहे. बैलझुंजीचा खेळाडू इग्नासियो सांचेस मेखियास ऑगस्ट १९३४ मध्ये मान्सानारेस येथील रिंगणात जखमी झाला आणि दोन दिवसांनी माद्रिदमध्ये मरण पावला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकवितेला लोर्काने ‘एलेखिया’ हे प्रतिष्ठित नाव दिले नाही. त्याने ‘ल्यांतो’ हे नाव दिले. पहिल्या भागात दुपारच्या एकाच वेळेचा उच्चार पुनःपुन्हा येतो. तो वाचताना त्याचा अर्थ लावण्याची गरज भासत नाही. तो आघातासारखा, छातीवर पडणाऱ्या हातासारखा ऐकू येतो. शीर्षकातील शब्दाची व्युत्पत्ती जणू लयीत उतरली आहे. तिसऱ्या भागाचे नाव ‘कुएर्पो प्रेसेन्ते’, म्हणजे ‘उपस्थित शरीर’. हा कवीने घडविलेला शब्दप्रयोग नाही. दफनापूर्वी दर्शनासाठी ठेवलेल्या पार्थिवाविषयी बोलताना रोजच्या भाषेत हाच प्रयोग होतो. चौथा भाग ‘आल्मा आउसेन्ते’, ‘अनुपस्थित आत्मा’. आधी शरीर समोर असते आणि मगच अनुपस्थितीविषयी बोलता येते, हा क्रम रूढीने ठरविलेला आहे आणि कवितेने तो पाळला आहे.

लोर्काच्याच ‘ला कासा दे बेर्नार्दा आल्बा’ या नाटकात लूतो आणि ल्यांतो यांचा उघड सामना होतो. जून १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या या नाटकात पतीच्या अंत्यविधीहून परतलेली बेर्नार्दा पाच मुलींवर आठ वर्षांचा लूतो लादते. आदेलाने पुढे केलेला रंगीत फुलांचा पंखा ती फेकून देते आणि काळा मागते. त्याच पहिल्या अंकात माग्दालेना रडू लागते तेव्हा मात्र, रडायचेच असेल तर पलंगाखाली जा, असे ती बजावते. आणि शेवटी आदेलाने गळफास घेतल्यानंतर बेर्नार्दाचा हुकूम असतो तो ‘ल्यांतो’ बंद करण्याचा. शब्द हाच आहे, तिने तो अनेकवचनी वापरला आहे. त्यानंतर ती शांततेची आज्ञा देते.

या नाटकाला ‘शोकमग्न घराचे चित्र’ म्हटले की बेर्नार्दाच्या वागण्यात विसंगती दिसू लागते. एकीकडे ती शोक लादते, दुसरीकडे शोकाला मनाई करते. मूळ शब्द डोळ्यांपुढे ठेवले तर विसंगती उरत नाही. लूतो गावाला दिसतो, तो घराण्याच्या अब्रूचा आहे, आणि तो किती वर्षे चालावा हे सत्ता ठरवू शकते. ल्यांतो शरीरातून फुटतो, भिंतीपलीकडे ऐकू जातो आणि आत काय घडले ते सांगून टाकतो. त्यामुळे ज्या घरात लूतो सर्वंकष झाला आहे, तेथे ल्यांतो हा गुन्हा ठरतो. गोविंद निहलानी यांनी १९९१ मध्ये ‘रुक्मावती की हवेली’ या हिंदी चित्रपटात हे नाटक राजस्थानात नेले. ते तेथे इतक्या सहजतेने रुजावे, याचे कारण करुण रसाच्या सार्वत्रिकतेपेक्षा लूतोसारख्या दृश्य नियमनाशी असलेल्या आपल्या परिचयात शोधले पाहिजे.

५

या शब्दांची सर्वांत कठोर परीक्षा इतिहासाने घेतली. ‘कुएर्पो प्रेसेन्ते’ लिहिणाऱ्या कवीची ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रानादाजवळ हत्या झाली आणि त्याचे शरीर आजतागायत सापडलेले नाही. २००९ साली आल्फाकार येथे केलेल्या उत्खननातून काही निष्पन्न झाले नाही. तुरुंगवासात आजारी पडलेला मिगेल एर्नांदेस १९४२ मध्ये मरण पावला. यादवी युद्धातील सामुदायिक थडग्यांचा प्रश्न स्पेनमध्ये २००७ आणि २०२२ च्या कायद्यांपर्यंत येऊन पोहोचला. ज्या भाषेच्या शोकविधीत ‘उपस्थित शरीर’ ही पहिली पायरी आहे, तेथे शरीरच नसेल तर लूतो केव्हा सुरू करावयाचा आणि दुएलोला निरोप कोठे द्यावयाचा?

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळातील लष्करी राजवटीने हा प्रश्न हजारो घरांत नेला. १९८४ च्या ‘नुन्का मास’ या अधिकृत अहवालात बेपत्ता झालेल्यांची ८,९६१ प्रकरणे नोंदविली आहेत; मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. भाषेवर याचा जो परिणाम झाला तो अभ्यासण्याजोगा आहे. ‘देसापारेसेर’, म्हणजे नाहीसे होणे, हे अकर्मक क्रियापद लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये सकर्मक म्हणून वापरले जाऊ लागले. माणूस नाहीसा झाला नाही, त्याला ‘नाहीसे केले’. मराठीला यासाठी व्याकरण वाकवावे लागत नाही. स्पॅनिशला ते वाकवावे लागले, कारण कर्त्याला वाक्यात उभे करणे आवश्यक झाले होते.

एप्रिल १९७७ पासून बुएनोस आइरेसच्या प्लासा दे मायो या चौकात जमू लागलेल्या मातांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधले. त्यांचे मूळ मुलांच्या लंगोटाच्या कापडात होते. या संस्कृतीत मृताच्या आईने काळे नेसावयाचे असते. पांढरा रुमाल बांधून या स्त्रियांनी लूतो नाकारला. नेलेल्यांना जिवंत परत आणा, ही त्यांची मागणी होती. मृत्यू मान्य करणे म्हणजे मारेकऱ्याचे नाव न घेता हिशेब मिटविणे, अशी त्यांची भूमिका होती. १९८४ मध्ये अर्जेंटिनातील न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांचे पथक स्थापन झाले आणि अवशेषांची ओळख पटविण्याचे काम सुरू झाले, तेव्हा मातांपैकी काहींनी उत्खननाला विरोध केला, तर काहींना आपल्या मुलांची हाडे हवी होती. १९८६ मध्ये संघटना दुभंगली. दोन्ही बाजूंच्या दुःखात कमीअधिक काही नव्हते. लूतो सुरू करावयाचा की नाही, हा त्यांच्यातील मतभेदाचा एक गाभा होता. ‘शोक’ या एका भाववाचक नामाने हा मतभेद मांडताच येत नाही. एका मातेने शोक केला आणि दुसरीने केला नाही, असे म्हणणे क्रूर आहेच, शिवाय ते खोटेही आहे.

६

यावर एक आक्षेप संभवतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘ल्यांतो’ म्हणणाऱ्या आजच्या माणसाला छाती पिटणे आठवत नाही, जसे ‘शोक’ म्हणताना आपल्याला त्याचा धातू आठवत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे केवळ व्युत्पत्तीचा आधार घेतलेला नाही. लूतो नेसतात, पेसामे देतात, दुएलोला निरोप देतात, हे आजचे प्रयोग आहेत. आणि लूतो व ल्यांतो यांतील विरोध बेर्नार्दाच्या तोंडी कवीनेच घातला आहे. दुसराही आक्षेप घेता येईल. रसव्यवस्थेत विभाव, अनुभाव आहेतच. अश्रू, रुदन, वैवर्ण्य यांचा विचार आपल्या शास्त्राने केलेला आहे. हेही खरे आहे. परंतु तेथे रुदन हा स्थायीभावाकडे नेणारा अनुभाव आहे. त्याला स्वतःची सत्ता नाही. रुदन आणि वस्त्र एकमेकांविरुद्ध उभे राहू शकतात, रुदनावर बंदी घालून वस्त्राची सक्ती करता येते, याला त्या व्यवस्थेत जागा सापडत नाही.

भाषांतरकारासाठी यातून काही व्यावहारिक सूचना निघतात. लूतोसाठी ‘दुखवटा’ आणि ल्यांतोसाठी ‘आकांत’ वा ‘विलाप’ वापरता येईल. पेसामेसाठी ‘सांत्वन’ पुरेसे नाही, कारण सांत्वनात दुःख कमी करण्याचा हेतू आहे आणि पेसामेत फक्त भार वाटून घेणे आहे. ‘समाचाराला जाणे’ हा आपल्याकडील प्रयोग त्याच्या अधिक जवळचा आहे. दुएलोला एकच प्रतिशब्द देण्याचा आग्रह सोडून, जमलेली माणसे की मनातील प्रक्रिया, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावे. समीक्षकासाठी सूचना एकच आहे. मृत्यूविषयीच्या कृतीसमोर उभे राहताना तीत शोक किती उत्कट आहे हे विचारण्याआधी तेथे कोण काय करीत आहे, कोणाला काय करण्याची मुभा नाही, आणि शरीर कोठे आहे, हे विचारावे. आपल्या ‘दुखवटा’, ‘सुतक’, ‘टाहो’, ‘समाचार’ या शब्दांतही असेच भेद आहेत. स्पॅनिश शब्दांचा हा अभ्यास मराठी मृत्युकवितेच्या वाचनाकडे वळवता आला, तर विलापिका या संज्ञेखाली आपण काय काय झाकून ठेवले आहे, याचा शोध घेता येईल.